माझ्या भेगेतली पांढरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना बंपर आहे. गाडीच्या तोंडाशी, दिव्यांच्या खाली, जो लांब वाकलेला काळा पट्टा तुम्ही पाहता, तो मी. आज माझ्या मागे गाडी नाही. बुलढाण्याजवळच्या धाड गावापासून दोन कोसांवर असलेल्या एका वस्तीत, गोठ्याच्या कुडाला टेकवून मला उभे केले आहे. माझ्या उजव्या अंगाला वीतभर लांबीची भेग आहे आणि त्या भेगेत अजून दोन पांढऱ्या पट्ट्या शिल्लक आहेत. तिसरी कोठे गेली, हेच मला तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म एका तापलेल्या साच्यात झाला. मी आधी दाणे होतो, बाजरीच्या दाण्यांएवढे. मग वितळलो, वाहिलो आणि थंड होता होता मला आकार आला. माझ्या आतल्या बाजूला कारखान्याने बारीक अक्षरे उमटवली. मी कोणत्या प्रकारचे प्लास्टिक आहे, ते त्या अक्षरांत लिहिलेले असते. पुढे कधी मी फुटलो, तर मला सांधणाऱ्याने माझ्याच प्रकारचे प्लास्टिक वापरावे, एवढाच त्या अक्षरांचा हेतू. मात्र माझ्या आयुष्यात ती कोणी वाचली नाहीत. ती आत होती आणि आत पाहण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

पहिली सहा वर्षे मी मलकापूरला सरकीच्या एका व्यापाऱ्याकडे काढली. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसत. मग त्याने नवी गाडी घेतली आणि आमची जुनी सात आसनी गाडी गोकुळने विकत घेतली.

गोकुळ तिशीतला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. घरची चार एकर कोरडवाहू जमीन, तिच्यात कपाशी. आणि उरलेल्या वेळात धाड ते बुलढाणा प्रवासी नेणे. गाडी दारात आली त्या दिवशी त्याची आई आशाबाई हिने मला कुंकू लावले. सून जयमाला हिने जुन्या लुगड्याच्या धडप्याने मला दोनदा पुसले, कारण पहिल्यांदा पुसल्यावर तिचे समाधान झाले नाही. मला वाटले, माझे उरलेले आयुष्य आता सुखाचे आहे.

गाडीच्या तोंडाशी उभे राहून माणसे जे बोलतात, ते बंपरला ऐकू येते. धाडच्या बाजाराच्या दिवशी शेतकरी माझ्यावर पाय टेकवून बोलत. बीटीचे बियाणे पहिल्यांदा आले तेव्हा बोंडअळीची चिंता कायमची गेली असे सर्वांना सांगण्यात आले होते, आणि काही वर्षे ती खरोखर गेलीही होती. मग गुलाबी अळी परतली. ती बोंडाच्या आत राही. बाहेरून बोंड टपोरे, हिरवे, निरोगी दिसे. फोडले की आत कवडी, म्हणजे कुजका, पिवळा कापूस. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी लोक आठवड्याला फवारत होते. एक औषध लागू पडेना, म्हणून दोन मिसळत होते. प्रत्येक ओसरीवर रिकामे पांढरे डबे साचत होते. आणि पोळ्यापासून गावाच्या हवेला एक वास लागला होता. गोडसर, कांद्यालसणासारखा उग्र, घशाच्या तळाशी बसणारा. पुढे पुढे तो कोणाला जाणवेनासा झाला. मला त्याचीच भीती वाटे.

आश्विनातल्या एका पहाटे, धुके असताना, एक रोही, म्हणजे नीलगायीचा नर, रस्त्यावर आडवा आला. गोकुळने ब्रेक दाबला, तरी रोह्याचा मागचा भाग माझ्यावर आदळला. रोही उठून शेतात निघून गेला. माझ्यात मात्र भेग पडली आणि माझे उजवे टोक चाकाशी लोंबू लागले.

धाडच्या थांब्यावर पंक्चर काढणारे खुर्शीदचाचा बसतात. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिले आणि मग गोकुळकडे.

"गोकुळ, त्या रोह्याचं टिकीट फाडलं का तसंच सोडलं बे?"

"सीट खाली नव्हती, चाचा. पुढंच बसला."

चाचा हसले. मग त्यांनी विचारले की परवा आरटीओत गाडीचे पासिंग आहे ना, अशा गाडीला तिथे कोण उभे करील. गोकुळने माझे लोंबणारे टोक दोरीने बांधले. बुलढाण्याच्या दुकानात माझ्या जागी नवा बंपर चार दिवसांनी मिळणार होता. चाचांनी हवेचा पाइप गुंडाळता गुंडाळता सहज सांगितले की घरात एवढी कारागीर असताना दुकान कशाला, आशाकाकीकडे ने.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या वस्तीत प्लास्टिकची बादली तडकली, घागरीचा काठ फुटला, खुर्चीचा पाय मोडला, की बायका तो आशाबाईकडे आणत. चुलीत विळ्याचे टोक तापवायचे, भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचे म्हणजे भेग पुढे पळत नाही, मग जुन्या प्लास्टिकची चिंधी भेगेवर ठेवून तापलेल्या टोकाने ती दाबत दाबत वितळवायची. ती हे काम कोणाकडून शिकली नव्हती. तिच्या हातचा सांधा गळत नसे आणि या गोष्टीचा तिला फार अभिमान होता. तिने तो कधी बोलून दाखवला नाही. सांधलेली बादली परत देताना ती पाण्याने भरून देत असे, एवढेच.

पासिंगच्या आदल्या दिवशी सकाळी गोकुळने मला सोडवून घरात आणले. आशाबाईने माझ्यावरून बोटे फिरवली आणि सांगितले की हे मोठे काम आहे, दोन दिवस लागतील. गोकुळला त्या सकाळी सगळ्याच गोष्टींचा राग आला होता. आदल्या दिवशी सीतादही झाली होती. पहिल्या वेचणीची पूजा करून, दहीभात शिंपडून सगळे घरी आले होते, पण वेचलेल्या कापसात निम्मी कवडी होती.

"जमत नसन तं तसं सांग, माय," तो म्हणाला. "घरात बसून दुसरं काय काम हाय तुले?"

आशाबाईने पदर खोचला आणि मला आतल्या खोलीत न्यायला सांगितले.

एरवी ती ओसरीवर, मोकळ्या हवेत काम करी. पण ओसरीवर आता कापसाचा ढीग होता आणि कापसाच्या घरात विस्तवाची ठिणगी म्हणजे काय, हे तिला सांगावे लागत नव्हते. म्हणून शेगडी आतल्या खोलीत गेली. त्या खोलीला खिडकी नाही. कापसाचे तंतू उडून विस्तवावर येऊ नयेत म्हणून तिने दारही लोटून घेतले आणि खाली गोणपाट सरकवले.

तिच्या गाठोड्यात मगांचे, बादल्यांचे नि पोळ्यापासून साचलेल्या फवारणीच्या लहान डब्यांचे तुकडे होते; ते माझ्यासाठी पातळ पडले. तेव्हा तिने कोपऱ्यातला पाच लिटरचा पांढरा डबा ओढला. तो फवारणीच्या औषधाचा होता. चांगला जाड, चिवट. जयमाला वेचणीला गेली होती. गोकुळ तेवढा पाना शोधायला आत डोकावला, त्याने डबा पाहिला आणि विचारले, हा काऊन घेतला.

"तीन डाव राखेनं घासला हाय," आशाबाई म्हणाली. "आठ दिस उन्हात व्हता. आन् आगीत घातल्यावर काय राह्यते? इख असन तं जळून जाईन."

गोकुळने मान हलवली आणि तो निघून गेला. मित्रांनो, त्याला दोष देऊ नका. स्वतःच्या पाठीवर पंप घेऊन त्याने तो सगळा हंगाम काढला होता. त्या वासासाठी त्याचे नाक केव्हाच मेले होते.

मग दार पुन्हा लोटले गेले आणि आम्ही दोघे उरलो.

तिने कात्रीने डब्याच्या लांब पट्ट्या कापल्या. विळ्याचे टोक लाल झाले. पहिली पट्टी माझ्या भेगेवर वितळली तेव्हा एक निळसर धूर वर गेला आणि छताशी थांबला. त्याला जायला वाट नव्हती. घासून डबा स्वच्छ होतो तो वरून; औषध मात्र महिनोन् महिने त्याच्या अंगात मुरलेले असते. विस्तवाने ते जळाले नाही. ते फक्त बाहेर आले. बादलीच्या काठाला बोटभर चिंधी लावताना, मोकळ्या ओसरीवर, ते वाऱ्यावर गेले असते. इथे ती तीन तास वाकून बसली होती, भेगेत फुंकर घालत होती आणि प्रत्येक फुंकरीनंतर तिला श्वास घ्यावा लागत होता.

दुसऱ्या पट्टीच्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने ते पदराने पुसले. तिसऱ्या पट्टीच्या वेळी तिच्या तोंडाला पाणी सुटत होते, ती पुन्हा पुन्हा गिळत होती आणि दंडाचे मांस आपोआप उडत होते. ती दार उघडायला उठली नाही. दोन दिवसांचे काम तिला दुपारच्या आत संपवायचे होते. मी तिच्या मांडीवर होतो. माझ्यातून जे निघत होते ते तिच्यात जात होते, हे मला दिसत होते आणि मला तोंड नव्हते.

आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. तो सांधा धरणार नव्हता. माझे प्लास्टिक वेगळे, डब्याचे वेगळे. तापलेले असताना दोन्ही एकजीव झाल्यासारखे दिसतात. थंड झाल्यावर एक दुसऱ्यावर नुसते पडून असते. आतली अक्षरे कोणी वाचली असती, तर ती पट्टी माझ्यावर आलीच नसती.

दुपारी गोकुळने मला गाडीला बसवले. त्याने सांध्यावर अंगठा दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. आईला काहीतरी चांगले बोलावे म्हणून तो आत वळला असावा. ती ओसरीवर कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती, घामाने भिजलेली, आणि ओकत होती.

शेजारच्या गोजरबाईने शेतातून जयमालाला बोलावून आणले. उन्ह लागले असेल, असे कोणी म्हणाले. पित्त असेल, असे दुसरे कोणी. बोलता बोलता आशाबाईची जीभ जड झाली, तेव्हा तिला गाडीत मागे निजवले. जयमालाने तिचे डोके मांडीवर घेतले आणि आम्ही बुलढाण्याकडे निघालो. वाटेत जयमाला एकदाच बोलली. आत्याबाईंच्या लुगड्याला तुमच्या फवाऱ्याच्या सदऱ्यासारखा वास येतो, असे ती म्हणाली. गोकुळने उत्तर दिले की सगळ्या गावालाच तो वास आहे.

दवाखान्याच्या आवारात आमची गाडी तातडीच्या खोलीच्या खिडकीखाली उभी राहिली. म्हणून पुढचे सगळे मला ऐकू आले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आशाबाईच्या डोळ्यांत बॅटरी टाकून पाहताच त्यांनी सुई सुरू करायला सांगितली. मग त्या गोकुळकडे वळल्या.

"फवारणीला गेल्या होत्या का या?"

"नाही, मॅडम. आठ दिस झाले, पंप टांगूनच हाय."

"बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. हे औषधच आहे." त्यांचा आवाज खाली आला. "घरात काही बोलाचाली झाली होती का? त्यांनी काही घेतलं का?"

त्या हंगामात हा प्रश्न त्यांनी त्या खोलीत कितीजणांना विचारला असेल, ते त्यांच्या आवाजावरून कळत होते. त्यांचा काही दोष नव्हता. गोकुळने आधी जोरात नाही म्हटले. मग, मित्रांनो, मला कळले की त्याला आपलीच सकाळची वाक्ये ऐकू येत आहेत.

"सकाळी म्या बोललो तिले," तो शेवटी म्हणाला. "लय बोललो."

मग आतली घाई बदलली. पोट धुवायची नळी आणायला सांगितले गेले. नोंद करायला कोणाला तरी बोलावले गेले. आशाबाई शुद्धीवर नव्हती; तिला काही सांगता येत नव्हते. विषाने माखलेले ते लुगडे अजून तिच्या अंगावर होते, केसांत तो धूर होता, आणि ते काढून धुवायला हवे हे कोणाला सुचणार? सगळ्यांच्या मते विष तिच्या पोटात होते.

जयमाला कपड्यांची पिशवी न्यायला गाडीकडे आली. दुपारचे उन्ह थेट माझ्यावर होते आणि आतले यंत्र अजून तापलेले होते. माझ्या भेगेतल्या पट्ट्या मऊ पडल्या होत्या. ती माझ्यापुढून गेली, दोन पावले पुढे गेली आणि थांबली. त्या हंगामात नवऱ्याचे फवारणीचे कपडे ओढ्यावर नेऊन वेगळे धुण्याचे काम तिचे होते. तिचे नाक मेले नव्हते. आणि घरून निघताना कपडे घ्यायला ती आतल्या खोलीत गेली, तेव्हा शेगडी, कापलेला डबा आणि दाराशी पडलेले गोणपाट तिने पाहिले होते.

ती माझ्यापाशी वाकली. तिने पांढऱ्या पट्टीला नाक लावले. मग तिने नख घातले आणि ओढले. मधली पट्टी एका ओढीत सुटून आली आणि माझी भेग पुन्हा उघडली. सांधा कच्चा होता म्हणून ती सुटली. मित्रांनो, सांधला गेलो तेव्हा वाटले नव्हते, एवढे बरे मला या फुटण्याने वाटले.

ती धावत आत गेली.

"मॅडम, आत्याबाईनं घेतलं नाही काही," तिला धाप लागली होती. "हे पाहा. वास घ्या. औषधाचा डबा वितळवला त्यांनी, बंद खोलीत."

डॉक्टरीणबाईंनी भराभर विचारले: दार बंद होते का, किती वेळ, कोणते औषध. बंद का, तेही त्यांनी विचारले. ओसरीत कापूस आहे, हे कारण त्यांनी पूर्वी कधी ऐकले नसावे. गोकुळने औषधाचे नाव सांगितले. नळी मागे गेली. लुगडे काढा, केस धुवा, साबणाने सगळे अंग धुवा, असा आवाज आला आणि पाणी वाहू लागले.

आशाबाई तिसऱ्या दिवशी बोलली, नवव्या दिवशी घरी आली. पासिंगचा दिवस हुकला तो हुकलाच. तिच्या उजव्या हाताची पकड अजून परत आलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की येईल किंवा येणार नाही.

मला वाटले होते, गोष्ट इथे संपेल. पण गावात दवाखान्यातला तो पहिला प्रश्न पोचला होता. त्याचे उत्तर पोचले नव्हते. घरी आल्यावर पंधरा दिवस तिच्याकडे कोणी फुटकी वस्तू आणली नाही. बायका येत, डोक्यावर हात फिरवत, जयमालाला बाजूला नेऊन हळू आवाजात काही विचारत. आशाबाई ते पाहत राही. मग एका सकाळी गोजरबाई वाटीत पिठले घेऊन आली, तेव्हा तिने तिला धरून बसवले आणि सारे सांगितले. आगीत विष जळत नाही, हे सांगितले. पोळ्यापासून वस्तीतल्या घागरी आणि बादल्या आपण तसल्याच डब्यांच्या चिंध्यांनी सांधल्या, हे सांगितले. हे सांगताना तिने मान खाली घातली होती.

"तुही घागर आणून दे मले. त्यातलं पाणी पेऊ नको, गोजरे."

गोजरबाई तिच्याकडे फार मायेने पाहत होती.

"कायले घागरीवर घालतेस, माय," ती म्हणाली. "व्हते एखाद्याच्या घरी. पोरगं रागात बोलते, आपल्या मनाले लागते. आन् आमी पोळ्यापासून त्याच घागरीचं पाणी पेऊन राह्यलो. कोणाले काय झालं?"

तेव्हापासून गोकुळने मला गाडीवरून काढून इथे उभे केले आहे. जो येईल त्याला आशाबाई डाव्या हाताने धरून माझ्यापाशी आणते आणि सांगते, वास घ्या. माणसे तिचा मान राखून वाकतात. पण आता पौष आहे, मित्रांनो. या थंडीत माझ्या पट्ट्या कडक झाल्या आहेत आणि त्यांना कसलाही वास येत नाही. माणसे सरळ उभी राहतात, एकमेकांकडे पाहतात आणि आशाबाईच्या पाठीवरून हात फिरवून निघून जातात. फक्त जयमालाने घरातली सगळी सांधलेली भांडी फोडून खोल खड्ड्यात पुरली. दुसऱ्या कोणी नाही.

मित्रांनो, माझी काळजी घेतली नाही तरी चालेल. मी फुटका बंपर आहे. मला कुडाला टेकून राहता येते. पण तुमच्या ओसरीवर फवारणीचा रिकामा पांढरा डबा असेल, तर तो धुऊन ठेवू नका, कापू नका, तापवू तर नकाच. त्याला ठिकठिकाणी भोके पाडून कामातून घालवा, म्हणजे जपून ठेवण्याचा मोह कोणाला होणार नाही. आणि जी बाई मान खाली घालून आपलीच चूक तुम्हांला सांगत असेल, तिच्यावर विश्वास ठेवा. त्या सांगण्यात तिचा काही लाभ नसतो.

उन्ह तापून माझ्या पट्ट्यांना पुन्हा वास सुटायला अजून तीन महिने आहेत. सकाळ झाली आहे. पलीकडच्या अंगणात गोजरबाईची सून पाणी भरते आहे. त्या सांधलेल्या घागरीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आधी पोकळ येतो आणि मग हळूहळू भरत जातो. मी तो इथून ऐकतो आहे.